तुटलेल्या कंडरेची शिवण

विळीवर भाजी चिरताना, तडकलेल्या काचेच्या पेल्यात हात घालून तो विसळताना किंवा यंत्राच्या पात्याशी काम करताना बोटाला जखम होते. जखम दिसायला लहान असते. रक्त थांबते, पट्टी बांधली जाते, आणि एकदोन दिवसांनी ध्यानात येते की बोटाचे शेवटचे पेर वाकतच नाही. ‘शीर तुटली’ असे लोक म्हणतात. वस्तुतः तुटलेली असते ती रक्ताची शीर नव्हे. तुटलेली असते कंडरा. स्नायूला हाडाशी जोडणारी पांढरी, चकचकीत, चिवट दोरी म्हणजे कंडरा. बोटे वाकविणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात असतात, आणि त्यांची ओढ या लांब दोऱ्यांच्या द्वारे मनगटाखालून, तळव्यातून, बोटाच्या पेरापर्यंत पोचते. दोरी तुटली की स्नायू धडधाकट असूनही बोट निकामी होते. शिवाय स्नायू आखडल्यामुळे दोरीचे वरचे टोक मागे, कित्येकदा थेट तळव्यात, निघून जाते. दोन टोके आपोआप जुळून येण्याची आशा उरत नाही.

ती टोके शोधून शिवावी लागतात. शिवण कशी घालावी, कोणती शिवण किती ओढ सोसते, हा प्रश्न वरवर पाहता शिंपीकामातला वाटतो. परंतु सुतार, शिंपी, तबलजी, टंकलेखक अशा कोणाचीही उपजीविका त्याच्या उत्तरावर अवलंबून असते. आणि ते उत्तर मिळविण्यासाठी शस्त्रवैद्यांच्या अनेक पिढ्या खपल्या आहेत.

जुना गैरसमज

‘शीर’ या शब्दाने मराठीत जो घोटाळा होतो, तसाच घोटाळा प्राचीन ग्रीक भाषेतही होता. ‘न्यूरॉन’ हा शब्द तेथे कंडरेलाही वापरीत आणि मज्जातंतूलाही. दुसऱ्या शतकातील विख्यात वैद्य गॅलेन याची समजूत अशी होती की, कंडरेत मज्जातंतूचा अंश मिसळलेला असतो, आणि म्हणून तिला सुई टोचली तर रोग्याला झटके येण्याचे भय आहे. गॅलेनच्या शब्दाला युरोपात शतकानुशतके वेदवाक्याचे मोल होते. त्यामुळे तुटलेली कंडरा शिवण्यास तेथील वैद्य धजावत नसत. अकराव्या शतकातील इब्न सीना याने मात्र कंडरा शिवावी असे मत दिले होते. पुढे अठराव्या शतकात अल्ब्रेख्त फॉन हालर याने प्राण्यांवर प्रयोग करून दाखविले की, कंडरेला टोचल्याने अथवा कापल्याने असे काही अरिष्ट ओढवत नाही. तेव्हापासून सुईचा मार्ग मोकळा झाला.

मार्ग मोकळा झाला, तरी यश आले नाही. बोटाच्या एका विशिष्ट भागात शिवलेली कंडरा पुन्हापुन्हा दगा देई. तळव्याच्या बोटांकडील वळीपासून बोटाच्या मधल्या पेराच्या मध्यापर्यंतचा हा भाग होय. येथे दोन कंडरा एका अरुंद म्यानात असतात. वरची कंडरा दुभंगून दोन फाटे होतात आणि खालची कंडरा त्या फाट्यांमधून पुढे शेवटच्या पेराकडे जाते. म्यानावर जागोजाग तंतूंच्या घट्ट कड्या असतात. विहिरीच्या रहाटाला जशी कप्पी, तशा या कड्या दोरीला हाडालगत धरून ठेवतात. एवढ्या अडचणीच्या जागी शिवण घातली की कंडरा भरून येते खरी, पण भरताना आजूबाजूच्या म्यानालाही चिकटते. मग ती सरकत नाही आणि बोट ताठच राहते.

अमेरिकेत हस्तशल्याचा पाया घालणारे स्टर्लिंग बनेल यांनी या भागाला युद्धभूमीवरील एक नाव दिले. दोन सैन्यांच्या खंदकांमधील, कोणाच्याच ताब्यात नसलेल्या भूमीला जे म्हणतात तेच. त्यांचा सल्ला असा की, या भागात कंडरा तुटली तर ताबडतोब ती शिवू नये. वरची कातडी तेवढी मिटवावी आणि काही आठवड्यांनी दुसरीकडची कंडरा आणून तिचे कलम करावे. हा सल्ला दीर्घकाळ प्रमाण मानला गेला.

विश्रांती की हालचाल?

१९४१ मध्ये शिकागोचे मेसन आणि ॲलन यांनी कुत्र्यांच्या कंडरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. शिवलेल्या कंडरेचे बळ दिवसागणिक मोजले असता असे आढळले की, पहिल्या पाच दिवसांत ते वाढण्याऐवजी घटते आणि त्यानंतर हळूहळू वाढू लागते. कारण उघड आहे. कापलेल्या टोकांचे तंतू सुजतात, मऊ पडतात. त्यामुळे दोरा तोच असला तरी त्याने ज्याला पकडायचे ते ठिसूळ झालेले असते. जुन्या भिंतीतला खिळा पक्का असावा आणि चुनाच भुसभुशीत व्हावा, तसाच हा प्रकार. यावरून पुष्कळांनी निष्कर्ष काढला की, तीन आठवडे हात पूर्ण बांधून ठेवणे श्रेयस्कर.

परंतु बांधून ठेवलेला हात म्हणजे चिकटलेली कंडरा, हा दुसरा पेच समोर होताच. १९६० च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये क्लोद व्हर्दां यांनी या भागातही तात्काळ जोडणी करण्याचा पुरस्कार केला. १९६७ मध्ये अमेरिकेतील लुईव्हिल येथील हॅरल्ड क्लाइनर्ट आणि त्यांचे सहकारी यांनी या वर्ज्य भागातील कंडरा ताबडतोब शिवून मिळविलेले चांगले परिणाम जाहीर केले. त्यांच्या पद्धतीत नखाला रबरी पट्टा जोडलेला असे. रोगी आपल्या बळाने बोट उघडी आणि रबर ते पुन्हा मिटवी; त्यामुळे शिवलेल्या दोरीवर फारसा ताण न येता ती म्यानात सरकत राही. १९७५ मध्ये ड्युरान आणि हाउझर यांनी दाखविले की, कंडरा तीन ते पाच मिलिमीटर जरी नित्य सरकत राहिली तरी घट्ट चिकटण्याचा धोका बराच टळतो. पुढे कुत्र्यांवरील प्रयोगांतून असेही दिसले की, लवकर हालविलेली कंडरा अधिक चांगली सरकतेच, शिवाय ती अधिक लवकर बळकट होते.

येथून प्रश्नाचे स्वरूपच पालटले. पूर्वी शिवणीचे काम एवढेच होते की, बांधलेल्या हातात दोन टोके एकत्र ठेवावीत. आता तिने हलत्या बोटाची ओढ सोसावी, अशी अपेक्षा निर्माण झाली. यास्तव शिवणीचे बळ मोजणे अगत्याचे ठरले.

मोजमाप

ही मोजणी मृत माणसाच्या हातातील, किंवा डुकराच्या अथवा मेंढीच्या पायातील कंडरा घेऊन करतात. कंडरा मधोमध कापावयाची, ठरलेल्या पद्धतीने शिवावयाची, तिची दोन टोके यंत्राच्या जबड्यांत धरावयाची आणि यंत्राने सावकाश ओढ वाढवीत न्यावयाची. दोन आकडे टिपले जातात: कितव्या किलोच्या ओढीला शिवणीत फट दिसू लागली, आणि कितव्या किलोला शिवण सुटली. काही प्रयोगांत एकदाच जोराने न ओढता हलकी ओढ शेकडो वेळा देतात. कारण खरे बोट एकदाच वाकत नाही, दिवसभर वाकत असते.

कंडरेची रचना ध्यानात घेतल्यावाचून या आकड्यांचा अर्थ लागत नाही. कंडरा म्हणजे कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या लांब, समांतर तंतूंची जुडी. तंतूंच्या लांबीच्या दिशेने ती विलक्षण मजबूत असते. परंतु एक तंतू शेजारच्या तंतूला आडव्या दिशेने फारसा बांधलेला नसतो. मेथीच्या दोन जुड्या टोकाला टोक लावून शिवावयाच्या असे समजावे. सुई नुसती एका जुडीतून दुसरीत नेली आणि दोरा ओढला, तर दोरा काड्यांना न तोडता त्यांच्या मधून अलगद निसटून येईल. कंडरेतही साधा टाका असाच निसटतो. १९७५ मध्ये अर्बेनियाक व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक शिवणींची तुलना करून त्यांचे तीन वर्ग पाडले. ज्यात दोरा तंतूंच्या मधून सरळ जातो आणि ओढ तंतूंना समांतर लागते, तो वर्ग सर्वांत दुबळा. ज्यात दोरा तंतूंना पकडून ओढ सांध्यापलीकडे पोचवितो, तो मध्यम. आणि ज्यात एक कंडरा दुसरीत भोके पाडून विणली जाते व टाके तंतूंना काटकोनात पडतात, तो सर्वांत बळकट. मात्र विणलेला सांधा जाड होतो. मनगटाच्या वर त्याला जागा असते. बोटाच्या म्यानात तो शिरूच शकत नाही. बोटापुरता मधल्या वर्गातच मार्ग शोधणे भाग होते.

पदर, पकड आणि गाठ

या मधल्या वर्गात आज शेकड्याने प्रकार वर्णिलेले आहेत. बनेल यांची शिवण बुटाच्या नाडीप्रमाणे तिरप्या फुल्यांची होती. ओढ लागली की ती कंडरेला आवळी आणि आतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा गळा दाबी. इस्राएलमधील केस्लर यांनी १९७३ मध्ये मांडलेली शिवण चौकोनी आहे. प्रत्येक टोकात दोरा उभा जातो, आडवा वळतो, कोपऱ्यावर थोड्या तंतूंना कवेत घेतो आणि परत फिरतो. तिची सुधारलेली रूपे आजही जगभर वापरात आहेत. जपानमधील त्सुगे यांनी १९७५ च्या सुमारास दुहेरी दोऱ्याचा फास वापरून गाठींची संख्या कमी केली.

इतक्या प्रकारांतून जे सामान्य नियम हाती आले, ते मोजकेच आहेत.

पहिला नियम पदरांचा. शिवलेल्या फटीवरून दोऱ्याचे जितके पदर आरपार जातात, त्या प्रमाणात शिवणीचे बळ वाढते. ढोबळ मानाने दुपदरी शिवण दोन ते तीन किलोंच्या ओढीला सुटते, चौपदरी चार ते पाच किलोंच्या सुमारास, आणि सहापदरी सहा किलोंच्या आसपास किंवा त्याहून अधिक ओढीला. १९८५ मध्ये इंग्लंडमधील सॅव्हेज यांनी सहापदरी शिवण मांडून हे ठळकपणे दाखविले. परंतु पदर सारख्या ताणाचे हवेत. जोखडाला दोन बैल असून एकच ओढीत असला तर गाडीला एकाच बैलाचे बळ मिळते. त्याचप्रमाणे चार पदरांपैकी एक घट्ट व तीन सैल राहिले, तर आधी तो एक तुटतो आणि मग बाकीचे ओळीने तुटतात.

दुसरा नियम पकडीचा. कोपऱ्यावर दोरा तंतूंना नुसता वेढतो की ओढ लागताच त्यांच्याभोवती आवळला जातो, यात सुरगाठ आणि निरगाठ यांच्याइतके अंतर आहे. १९७९ मध्ये पेनिंग्टन यांनी दाखवून दिले की, आडवा पदर उभ्या पदराच्या वरून जातो की खालून, एवढ्याशा फरकाने नुसता वेढा हा आवळणारा वेढा बनतो. पकडीत फारच थोडे तंतू घेतले तर ते फाटून दोरा निसटतो. कापलेल्या कडेपासून टाका किती अंतरावर घ्यावा, याचीही मोजणी झाली. सात ते दहा मिलिमीटर अंतर चांगले ठरले. त्याहून जवळचा टाका मऊ पडलेल्या टोकात येतो आणि सुटतो.

तिसरा नियम दोऱ्याचा आणि गाठीचा. शस्त्रवैद्यांच्या दोऱ्याच्या मापात शून्ये जितकी अधिक तितका दोरा बारीक. तीन शून्यांचा दोरा चार शून्यांच्या दोऱ्याहून जाड आणि म्हणून बळकट. पण पकड सैल असेल तर जाड दोऱ्याचा उपयोग होत नाही, कारण दोरा तुटण्याच्या आधीच निसटतो. पकड पक्की असेल तेव्हाच दोऱ्याची जाडी कामी येते. आणि पक्क्या शिवणीत दोरा तुटतो तो बहुधा गाठीशी. गाठ फटीच्या आत ठेवली तर तेवढी जागा भरून येण्यास अडथळा होतो. बाहेर ठेवली तर ती म्यानात घासते. दोन्हीत थोडे नुकसान आहेच, म्हणून गाठी कमीत कमी असाव्यात हे बरे.

चौथा नियम काठाचा. आतील मुख्य टाके झाल्यावर कंडरेच्या कडेने, सांध्याच्या भोवती, फार बारीक दोऱ्याचा धावदोरा घालतात. प्रथम तो केवळ कड नीटनेटकी दिसावी, म्यानात अडकू नये म्हणून घालीत. मोजणी केल्यावर कळले की, हा धावदोरा एकंदर बळात लक्षणीय भर टाकतो आणि मुख्य म्हणजे फट पडण्याला अटकाव करतो. तो वरवर न घेता थोडा खोल घेतला, किंवा साध्या धावदोऱ्याऐवजी फुल्यांचा घेतला, तर बळ आणखी वाढते.

फट का नको?

शिवण सुटली नाही म्हणजे सर्व काही साधले असे नव्हे. १९९९ मध्ये गेल्बरमन आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखविले की, टोकांमधील फट तीन मिलिमीटरपेक्षा अधिक झाली तर सहा आठवडे लोटले तरी सांध्याच्या बळात म्हणण्यासारखी भर पडत नाही. लहान फट असलेल्या कंडरा मात्र त्याच काळात चांगल्या बळावल्या. बाहेरून बोट हलताना दिसते, आत सांधा मात्र कच्चाच राहतो. अशा कंडरेवर एखादे दिवशी जरा जास्त ओढ आली की ती तुटते. यंत्रावरील चाचणीत शिवण सुटण्याच्या आकड्याइतकेच फट पडण्याच्या आकड्यालाही महत्त्व देतात, ते यासाठीच.

किती बळ पुरे?

शिवण किती सोसते हे कळले. पण बोट किती मागते? हे जिवंत हातातच मोजणे शक्य होते. मनगटातील दबलेला मज्जातंतू मोकळा करण्याच्या शस्त्रक्रियेत, केवळ जागा बधिर केलेली असताना, कंडरेवर छोटे ताणमापक बसवून शुइंड आणि सहकाऱ्यांनी ही मोजणी केली. ती १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. दुसऱ्याने बोट हळूच वाकविले तर कंडरेवर एक किलोच्याही आतच ओढ येते. रोग्याने स्वतः, हातात काही न धरता, बोट वाकविले तर ती साडेतीन किलोंपर्यंत जाऊ शकते. चिमटीत जोराने काही धरले तर बारा किलोंपर्यंत.

हे आकडे शिवणीच्या आकड्यांशेजारी ठेवले की निर्णय समोर येतो. दुपदरी शिवण दुसऱ्याने बोट हालविण्यापुरती पुरेशी आहे. रोग्याने स्वतः बोट वाकविण्यास ती अपुरी पडते. त्यातही पहिल्या आठवड्यात टोके मऊ पडून बळ घटते, बोटाला सूज असते आणि सुजलेले बोट वाकविण्यास अधिक जोर लागतो. म्हणून रोग्याने लवकरच स्वतः बोट हालवावे अशी योजना असेल, तर निदान चौपदरी शिवण आणि तिच्या काठाने धावदोरा असावा, असे आज बहुसंख्य हस्तशल्यज्ञ मानतात. चिमटीच्या ओढीला मात्र कोणतीही नवी शिवण पुरी पडत नाही. तिला काळच हवा.

बळाची किंमत

मग सहा किंवा आठ पदर सर्रास का घालू नयेत? कारण प्रत्येक वाढीव पदरासाठी सुई आणखी एकदा कंडरेत शिरते. तंतूंना इजा होते, रक्तपुरवठा आवळला जातो, सांधा फुगतो. फुगलेला सांधा कडीखालून जाताना अडकतो, घर्षण वाढते, आणि ते घर्षण जिंकण्यासाठी स्नायूला जास्त ओढावे लागते. याचा अर्थ, शिवणीने मिळविलेले जादा बळ वाढलेल्या ओढीतच खर्च होते. मृत कंडरेवर यंत्राने घेतलेल्या चाचणीची मर्यादाही येथे दिसते. ती पहिल्या क्षणाचे बळ अचूक सांगते. जिवंत बोटात दहाव्या दिवशी काय होईल हे ती सांगू शकत नाही.

चीनमधील नानतोंग येथील तांग जिनबो यांनी या घर्षणावर दुसऱ्या बाजूने उपाय केला. म्यानावरील सर्व कड्या अखंड ठेवल्याच पाहिजेत, हा जुना दंडक होता. त्यांनी दाखविले की, सांधा जेथे अडकतो तेथे कडीचा काही भाग मोजून उघडला तरी बोटाचे काम बिघडत नाही आणि शिवणीवरचा ताण हलका होतो.

कॅनडातील डोनल्ड ललोन्ड यांनी आणखी एक वाट रूढ केली. बोटात ॲड्रेनलिन टोचले तर बोट सडते, अशी भीती वैद्यकात खोल रुजली होती. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हातात व बोटांत ॲड्रेनलिन दिलेल्या सलग ३,११० रोग्यांपैकी एकाचेही बोट गेले नव्हते. त्यामुळे रक्तप्रवाह अडविणारा दंडावरील पट्टा आणि संपूर्ण गुंगी या दोहोंशिवाय, केवळ जागा बधिर करून, ही शस्त्रक्रिया होऊ लागली. शिवण पुरी झाली की वैद्य जाग्या रोग्याला बोट वाकवावयास सांगतो. फट पडली, कडीत अडकले, तर ते तेथल्या तेथे दिसते आणि कातडी मिटविण्यापूर्वीच दुरुस्त करता येते. यंत्रावरची चाचणी अशा रीतीने रोग्याच्या स्वतःच्या बोटावरच होते.

रोग्याच्या हातात काय आहे?

इतके होऊनही शिवलेल्या कंडरांपैकी साधारणपणे शंभरांत चार-पाच पुन्हा तुटतात. काही चिकटतात आणि दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. याचे एक कारण शस्त्रवैद्याच्या टेबलावर असते, पण दुसरे घरी असते. बोट दुखत नाही, बरे वाटते, म्हणून चौथ्या-पाचव्या आठवड्यात कोणी पाण्याची बादली उचलतो, आणि तीन मिलिमीटरच्या आत राखलेला सांधा एका झटक्यात सुटतो. उलट कोणी भीतीपोटी बोट मुळीच हालवीत नाही, आणि उत्तम शिवलेली कंडरा म्यानाला चिकटून बसते. सांगितलेली हालचाल सांगितल्याइतकीच, सांगितल्या वेळी करणे आणि सुमारे तीन महिने जड ओढ टाळणे, हा उपचाराचा उत्तरार्ध आहे; व्यायाम शिकविणाऱ्या तज्ज्ञाचे साह्य त्यासाठी शस्त्रक्रियेइतकेच मोलाचे आहे.

आणि पूर्वार्ध जखम होताच सुरू होतो. बोटाला किंवा तळव्याला धारदार वस्तूने जखम झाली की रक्त थांबल्यावर एक गोष्ट अवश्य पाहावी: प्रत्येक बोटाचे मधले पेर आणि शेवटचे पेर वेगवेगळे वाकते काय, आणि बोटाच्या टोकाला दोन्ही बाजूंना स्पर्श कळतो काय. यांत काही उणे आढळले तर जखम कितीही लहान असो, त्याच दिवशी वैद्याला दाखवावे. काही दिवसांत केलेली जोडणी सहसा साधते. आठवडे लोटले तर वरचा स्नायू आखडतो, टोके जुळत नाहीत आणि कलमाचा लांबचा मार्ग धरावा लागतो. शिवणीचे शास्त्र पुष्कळ पुढे गेले आहे. परंतु चौपदरी असो की सहापदरी, शिवण घालता येते ती रोगी वेळेवर पोचला तरच.